डावखुऱ्याची मूठ

निवृत्त झाल्यावर घरी बोलायला कुणी उरलं नव्हतं, म्हणून सरनोबत नेमबाजी शिकू लागले. एखादं साधं, वापरलेलं एअर पिस्तूल घ्यावं म्हणून ते मिरजेला, घरातली दोन पिस्तुलं विकायला काढलेल्या हेमलताबाईंकडे गेले.

"हे साधं, सरावाचं," बाई म्हणाल्या. "आणि हे ह्यांचं स्पर्धेचं. ह्यांना जाऊन दोन वर्षं झाली. पण मूठ डावखुऱ्याची, त्यामुळे कुणी घेत नाही."

सरनोबत डावखुरेच. त्यांनी स्पर्धेचं पिस्तूल उचललं आणि भिंतीकडे रोखून धरलं. मूठ तळव्यात अशी बसली, की ठरवलेल्यापेक्षा दुप्पट किंमत ऐकूनही ते म्हणाले, "हेच घेतो."

हेमलताबाई त्या हाताकडे बघत राहिल्या.

"थोडा वेळ तसेच उभे राहाल?" त्यांनी हळूच विचारलं.

हात भरून आला, तरी सरनोबत हलले नाहीत.