एकच खाट

कोपरखैरण्याच्या एसटीडी बूथमध्ये सत्यभामाने रिसीव्हर कानाला घट्ट दाबून धरला होता. सासूचा आवाज बाहेरच्या रांगेला ऐकू जाऊ नये म्हणून. पण साताऱ्याकडच्या बाईचा आवाज तो, काच काय अडवणार!

"दोन वरसं झाली लग्नाला. खरं सांग, दोगं येगळं निजता का काय?"

"न्हाय वो आत्या. खोलीत खाटच एक हाय. दोगं तिच्यावरच झोपतो."

हे अगदी देवाशपथ खरं होतं.

"मग खोट तुज्यातच असंल. पुनवेला ये हिकडं, देवरुष्याला दावू."

सत्यभामा पुढचं सांगायला गेली, तर मागून कुणीतरी काचेवर टकटक केलं. तिने फोन ठेवला.

ती खोलीवर आली तेव्हा ज्ञानू डोळे चोळत, पोती ओढायचा आकडा खांद्याला अडकवून भाजी मार्केटला निघाला होता.

"काय म्हनत हुती आई?"

"पुनवेला बोलावलंय."

"मग जाऊन ये की. मालाच्या गाड्या रातच्याच लागत्यात, मला कुठलं जमतंय!"

रविवारी मार्केट बंद असायचं खरं. पण तेव्हा त्याच्याबरोबर हमाली करणारे दोन्ही दीरही खोलीवर असायचे, मग निजायला पुरुष सगळे गच्चीवर.

दार लोटून ती आडवी झाली.



गादी ज्ञानूच्या अंगानं अजून गरम होती. सकाळी ती रबाळ्याला कंपनीत गेली, की तिच्या अंगानं गरम झालेल्या गादीवर तो येऊन झोपणार होता.