पांगाऱ्याचा मासा

मासा पुन्हा उजवीकडे गेला.

मालन पवई तलावाच्या काठाने चालत होती, पाणी तिच्या उजव्या हाताला. गळाची काठी तिने पाण्यावर धरली होती आणि दोऱ्याच्या टोकाला बोटभर लांबीचा लाकडी मासा ओढला जात होता. काठाच्या कडेने यायचं सोडून तो तलावाच्या मध्याकडे ओढ घेत होता.

"सरळ येणा नाय ओ," ती म्हणाली. "मधी पळता."

बाकावर बसलेला तिचा नवरा गुणाजी मान तिरकी करून बघत होता. पांगाऱ्याच्या हलक्या लाकडाचा हा मासा, आजारपणानंतरचा पहिलाच. उजव्या हाताची पकड गेली होती, म्हणून तो त्याने डाव्या हाताने तासला, घासला, रंगवला. मरळ खरा समजून गळाला लागावी असे लाकडी मासे त्याने पूर्वी कितीतरी केले होते. पाण्यात सरळ पोहत नाही तो मासा नव्हे, खेळणं, असं त्याचं मत होतं. आज नुसती चाल बघायची म्हणून माशाच्या पोटाखालच्या गळांची टोकं त्याने कापायला लावली होती, पण गळ काढू दिले नव्हते. वजन बदललं की चाल बदलते.

चाल सुधारायची जागा एकच. माशाच्या नाकातली तारेची कडी, जिला दोरा बांधतात. शेपूट आपल्याकडे धरायचं आणि पकडीने ती कडी केसभर वाकवायची. कुठल्या बाजूला, ते गुणाजीलाच कळायचं.

मालनने मासा बाहेर काढला, शेपूट स्वतःकडे धरलं आणि पक्कड उघडली.

"खंयच्या बाजूक?"

"डाव्याक. केसभर."

मालनने कडी उजवीकडे वाकवली.

आजारपणानंतर गुणाजीच्या तोंडात डावं-उजवं उलटं झालं होतं. परवाच असल्फ्याच्या वळणावर तो रिक्षावाल्याला "उजवीकडे घे" म्हणाला, तेव्हा मालनने मागून हळूच हाताने डावीकडे दाखवलं. सुरुवातीला ती त्याला दुरुस्त करायची. मग तो दिवसभर बोलायचाच नाही. तेव्हापासून तिने ते सोडलं. त्याचं बोलणं ती मनातल्या मनात उलटं करून घेई. हे कधी सुधारेल, असं विचारल्यावर डॉक्टर नुसतं "बघू" म्हणाले होते.

"काका, लागला काय मासा?" फिरायला आलेल्या एकाने जाता जाता विचारलं.

"लाकडाचा आहे," मालन म्हणाली. "तळून देऊ?"

तो हसत पुढे गेला.

मालनने मासा पाण्यात सोडला आणि चालायला लागली. दोरा ताणला जातो न जातो तोच मासा आडवा झाला, पोट वर करून उजवीकडे गरकन फिरला.

"गो, काय केलंस ह्या?" गुणाजी बाकावरून ओरडला. "डाव्याक सांगलंय ना मी? डाव्याक!" आणि चालायची काठी उचलून त्याने ती डावीकडे रोखली.

मालन जागच्या जागी थांबली. काठी डावीकडेच होती. शब्दही तोच होता.

दोरा सैल पडला. मासा कुशीवर तरंगत राहिला. तिने तो ओढून घेतला नाही.

"परत सांगा," ती म्हणाली.

"डाव्याक! कान खंय ठेवलंस?"

"घराक इसारलंय. परत सांगा."