दिमित्रोच्या नावाची मेणबत्ती

सास्काटूनचा बर्फावरच्या हॉकीचा संघ चार वर्षं तळाला लोळत होता. संघाच्या एकूण पगाराला लीगची मर्यादा, त्यामुळे व्यवस्थापक ओरेस्टला चांगला खेळाडू आणायला जागाच उरायची नाही. मग हिवाळ्याच्या तोंडावर कप्तान दिमित्रोचं डोकं कठड्यावर आपटलं. जायबंदी खेळाडूचा पगार मर्यादेत धरत नाहीत. त्या जागेत ओरेस्टने दोन दमदार गडी आणले आणि संघ चक्क जिंकायला लागला.

तेव्हापासून दर रविवारी ओरेस्ट चर्चमध्ये दिमित्रोच्या नावाने मेणबत्ती लावायचा. मागच्या बाकावरून ते बघताना दिमित्रोच्या आईचे, स्टेफाचे, डोळे भरून यायचे.

मोसम अर्धा उलटला तेव्हा ती पेरोगींचा, म्हणजे बटाट्याचं सारण भरलेल्या उकडलेल्या करंज्यांचा, डबा घेऊन त्याच्या ऑफिसात आली. मागे दिमित्रो.

"खा रे, किती वाळलायस! याचं डोकं दुखायचं थांबलं. डॉक्टर म्हणाले, खेळ खुशाल. देव पावला बघ तुझ्या मेणबत्तीला!"

"साहेब, भूत बघितल्यासारखं काय बघताय?" दिमित्रो हसला. "मी परत आलो म्हणजे त्या दोघांना नारळ, एवढंच ना?"

ओरेस्टने हातातली पेरोगी परत डब्यात ठेवली.

रविवारी दिमित्रो त्याच्या शेजारीच हात जोडून उभा राहिला. ओरेस्टने मेणबत्ती पेटवली, डोळे मिटले...



आणि सवयीने तेच जुनं मागणं ओठांवर आलं, "देवा, याला एवढ्यात बरं करू नकोस."