काचेवरची वाफ

मी सिलिकॉनची नाकं बनवतो. नाटकातल्या चेटकिणींसाठी बनवतो आणि आजारपणात नाक गमावलेल्यांसाठीही. चेटकिणी कधी तक्रार करत नाहीत. शाळेतल्या एका बाईंनी मात्र माझ्या नाकी नऊ आणले. तीन नाकं परत केली. शेवटी वैतागून मी माझ्याच नाकाचा साचा काढला आणि त्यात चौथं ओतलं.

रंग वाळायला ते टेबलाच्या काचेवर ठेवलं. जरा वेळाने पाहिलं, तर नाकपुड्यांखाली काच धुरकटली होती. पुसली. पुन्हा वाफ जमली.

"ओलं असेल अजून," बायको म्हणाली.

"अगं, सिलिकॉन म्हणजे काय धुतलेला सदरा आहे, ओला राहायला?"

दुपारी बाई आल्या. नाक लावलं, आरशात पाहिलं आणि पहिल्यांदाच हसल्या. "अगदी माझंच वाटतंय हो! फक्त एक गंमत सांगू? मी श्वास घ्यायच्या आधीच हे घेतंय."

"होईल सवय," मी म्हणालो. मला एकदाचं मोकळं व्हायचं होतं.

त्या गेल्या. मी चष्मा काढला आणि नेहमीसारखा पुसण्याआधी त्याच्यावर हाऽ केलं. काचा स्वच्छच राहिल्या. पुन्हा केलं. मग आरसा उचलून नाकाजवळ धरला. त्यात माझा चेहरा लख्ख दिसत होता, आणि तसाच दिसत राहिला.

बायको दारात येऊन उभी होती.

"अहो, मघापासून बघतेय, श्वास रोखून काय बसलाय?"