एक तासाचे कान

केतकीताईंच्या कृत्रिम कानांत ओस्लोसाठी घेतलेले दोनशे एमबी होते आणि मुदत एका तासाची. भारतातला प्लॅन इथे चालत नसल्यामुळे उतरल्यापासून त्यांना काहीच ऐकू येत नव्हतं.

प्रसूतिगृहाबाहेर जावई मल्हार ओठ ठळक हलवत म्हणाला, "आई, परवा घेतलेला प्लॅन केव्हाच संपला असेल!"

ओठ वाचून त्या हसल्या. "जावईबापू, मुदत खरेदीपासून नाही, पहिलं नेटवर्क पकडल्यापासून मोजतात. विमानतळावर चालू करून सरकत्या जिन्याची घरघर ऐकू होय?"

दार उघडलं. नर्सच्या हातात बाळ तोंड वासून रडत होतं. केतकीताईंनी कानामागचं बटण दाबलं.

"ऐकलं!" त्या अख्ख्या मजल्याला ऐकू जाईल अशा ओरडल्या.

नात त्रेचाळीस सेकंद रडली. एकशे अठ्ठ्याण्णव एमबी आणि एकोणसाठ मिनिटं सतरा सेकंद उरले होते.