हजेरी भत्ता

पंधरा खुर्च्यांपैकी चौदा रिकाम्या होत्या. पंधरावीत हेडक्लार्क कडक इस्त्रीचा शर्ट घालून मोठ्या साहेबांच्या फोनची वाट पाहत बसला होता. "एक तारखेपासून तुमच्यावर नवी जबाबदारी टाकतोय," साहेब काल म्हणाले होते. मॅनेजरची केबिन दोन महिने रिकामी होती. आणखी काय फोड करून सांगायला हवं होतं?

चार महिन्यांपूर्वी कंपनीने सगळ्यांना विचारलं होतं. घरून काम करा, आहे तो पगार घ्या. ऑफिसात या, वर बारा हजार हजेरी भत्ता घ्या. चौदा जणांनी घर निवडलं. लक्ष्मी टिळा लावायला आली तर तोंड धुवायला जाणारे करंटे सगळे! विक्री बघणाऱ्या बाई म्हणाल्या होत्या, "मुलगी शाळेतून येताना दिसते मला. ते बारा हजारांत येत नाही."

"मग पगारही मुलीकडूनच घ्या," हा म्हणाला होता आणि स्वतःच हसला होता.

आता या घरकोंबड्यांचं त्याच्यावाचून पान हलत नव्हतं. जरा माझ्या खणातली फाइल बघता का? माझं पार्सल घेऊन ठेवाल? तो उपकाराच्या थाटात सगळं करायचा. शिपाईमामा हल्ली दुपारीच घरी जात. मग दिवे, पंखे, कुलूप हाच बघायचा, अगदी मालकाच्या ऐटीत.

दार उघडलं. मामा आले. हातात चहा नव्हता, किल्ल्यांचा जुडगा होता.

"साहेबांनी तुमच्याकडे द्यायला सांगितलंय. ही मोठ्या दाराची, ही पंपाची. फिल्टर शनिवारी धुवायचा. कुंड्यांना दिवसाआड पाणी."

"हे मला कशाला? केबिनची किल्ली तेवढी द्या."

"केबिन बंदच राहणार म्हणे. विक्रीच्या बाई मॅनेजर झाल्या ना, त्या घरूनच बघतील. मला उद्यापासून यायचं नाही. साहेब म्हणाले, एका दाराला दोन माणसं कशाला?"

मामांनी जुडगा टेबलावर ठेवला. नवी जबाबदारी टेबलावर पडली होती, तिला गंजकं कडं होतं.

"आणि या हमालीचे पैसे किती देणार आहेत?" तो खेकसला.

मामा दारात थांबले.

"ते तर तुम्हाला चार महिने मिळताहेत, साहेब. माझा पगारही बारा हजारच होता."