बाद खुणेची मुदत

"तारखेचा रकाना मोकळाच ठेवतो, दीदी," वेदांग म्हणाला. "तुम्ही मीटिंगमध्ये फक्त हो म्हणा. बाकी मी बघतो."

जबलपूरच्या गढा भागातल्या अंध मुलींच्या शाळेत पद्मजा शिकवायची. ती स्वतःही जन्मापासून अंध होती. वेदांगने लॅपटॉप तिच्यापुढे सरकवला आणि माइक तिच्या हाताला लावून दाखवला.

अंधांची बोलकी पुस्तकं संगणकात ठरावीक खुणा घालून लिहितात. हा धडा, हे पान, हे गणित. त्या खुणांचे नियम देशोदेशीच्या माणसांची एक समिती ठरवते, आणि वेदांग जबलपुरात बसून त्या समितीचं काम करायचा. जुनाट झालेली खूण बाद करायची, तिला शेवटची तारीख द्यायची. त्या तारखेनंतर ती खूण वापरलेलं नवं पुस्तक तपासणीत पुढे सरकत नसे.

या खेपेस 'साध्या ओळी'ची पाळी होती. गणित असो की कोष्टक, सगळं एका ओळीत सपाट करून टाकणारी खूण. नवी खूण तिच्यापेक्षा कितीतरी चांगली होती, पण शाळेतल्या जुन्या यंत्रांना ती कळत नव्हती. तारीख पडली की नवी पुस्तकं त्यांच्यावर मुकी होणार. म्हणून वेदांगने महिनाभर एकेकाची मनधरणी केली होती. खूण बाद म्हणायची, पण तारीख द्यायची नाही. आपल्या गावासाठी काहीतरी केलं, असं त्याला मनातून वाटत होतं.

ऑनलाइन मीटिंग सुरू झाल्यावर समितीच्या अध्यक्षबाईंनी पद्मजाला अदबीने विचारलं, तारीख न दिल्याने शाळेची सोय होईल ना?

"नाही," पद्मजा म्हणाली. "तारीख द्या. आमचं पुढचं सत्र सुरू व्हायच्या आधीची."

तिला प्रश्न कळला नसावा, असं वेदांगला वाटलं. त्याने घाईघाईने माइक बंद केला.

"दीदी, यंत्रं बेकार होतील. समजून राहिल्या ना तुम्ही?"

"समजूनच बोलून राहिली मी." तिने शेजारचं जुनं यंत्र चाचपलं आणि बटण दाबलं. 'तीन चार,' यंत्र म्हणालं. "हे काय आहे, सांग. चौतीस?"

वेदांगने टेबलावरचं छापील पुस्तक उघडलं. तीन, खाली आडवी रेघ, रेघेखाली चार.

"तीन बटा चार आहे, दीदी."

"तू पाहून सांगितलंस. माझ्या पोरींनी काय पाहायचं?" तिचा आवाज चढला नाही. "नव्या यंत्रांसाठी दरसाल अर्ज करते मी. दरसाल वरून एकच उत्तर येतं, जुनी चालू आहेत ना? चालू आहेत, तेच तर नडून राहिलं. चलो, माइक लाव."

समितीने तिचं ऐकलं. तारीख वेदांगलाच भरावी लागली.

सत्र सुरू झालं आणि नव्या पुस्तकांपुढे यंत्रं मुकी बसली. पालक भांडायला आले. जवळच्या पाटण गावात भाजीचं दुकान चालवणारे अंबादास तर वर्गाच्या दारातच उभे राहिले. त्यांची समृद्धी यंदा दहावीला होती. "चालू होतं ते काहून बंद केलं, मॅडम?" पद्मजाने दुसऱ्या कोणाकडे बोट दाखवलं नाही. "मीच करवलं," म्हणाली. तिने पुन्हा अर्ज केला आणि शाळा सुटल्यावर मुलींना थांबवून स्वतः धडे वाचून दाखवू लागली. तिचा घसा बसला, तरी वाचन चुकलं नाही. वेदांगने एकदोनदा फोन केला. बोलणं नीट होईना, तेव्हा तोही बंद केला. नवी यंत्रं दिवाळीनंतर आली, हे त्याला दुसऱ्याच कोणाकडून कळलं.

मे महिन्यात तिचाच फोन आला. "समृद्धीचा निकाल लागला. ये."

तो गेला तेव्हा शाळेत गलका होता. कमानिया गेटहून आणलेल्या खव्याच्या जलेबीचा खोका उघडा पडला होता. अंबादास स्वतःच्या हाताने सगळ्यांना जलेबी वाटत होते. समृद्धी तोंडात घास असतानाच वाद घालत होती. एका अपूर्णांकाचं उत्तर बरोबर होतं, मार्क कापले कसे, उत्तरांची कॉपी पुन्हा तपासायला लावणार.

"अभिनंदन," वेदांग म्हणाला. "किती टक्के?"

"बाकी सगळ्यात पास आहे," पद्मजा म्हणाली. "गणितात गेली."

जलेबीकडे गेलेला त्याचा हात तिथेच थांबला. चुकीच्या तारखेची सगळी शिक्षा या पोरीला झाली, असं त्याच्या मनात आलं.

"तारीख टाकायला नको होती, दीदी," तो कसाबसा म्हणाला. "याआधी तर तुमच्याकडे गणितात कोणी नापास झालं नव्हतं."

"कशी होईल?" पद्मजाने खोका त्याच्याकडे सरकवला. "आजवर सगळ्या गणिताऐवजी संगीत घ्यायच्या. गणिताच्या पेपरला बसलेली ही पहिली."